क्षयाचा जंतू, पऱ्हाटीवरची अळी आणि चार औषधं

आशाताईंच्या प्रशिक्षणाला मला अजूनही अधूनमधून बोलावतात. नोकरी संपली तरी क्षयरोगाचं नाव निघालं की मी जाते. तिथे एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, पेशंटनं गोळ्या मधेच सोडल्या की जंतूला औषधाची सवय होते, म्हणून मग औषध लागू पडत नाही, असंच ना?"

नाही, असं नाही. आणि हा फरक नुसता पुस्तकी नाही. पेशंटला चार औषधं का द्यायची, एखादं औषध मधेच वाढवलं तर घात का होतो, आणि ज्या पोरीनं जन्मात टीबीची गोळी घेतली नाही तिला एमडीआर, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी, कसा होतो, या तिन्हींचं उत्तर या फरकात आहे. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

माझं सगळं नोकरीचं आयुष्य बेडका तपासण्यात गेलं. आधी स्लाइड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली, पुढे कल्चर लॅबमध्ये. कल्चरचं माध्यम आम्हीच बनवायचो. कोंबडीची अंडी साबणाने घासून, स्पिरिटने पुसून फोडायची, फेटायची, त्यात क्षार आणि मॅलेकाइट ग्रीन घालायचं, छोट्या बाटल्यांत ओतायचं आणि बाटल्या तिरप्या ठेवून मंद उष्णतेवर ते घट्ट करायचं. हिरवट रंगाचा उतार तयार होतो, त्याला आम्ही 'स्लोप' म्हणायचो. बेडक्यातले इतर जंतू मारण्यासाठी तो आधी सोडियम हायड्रॉक्साइडने धुवायचा, मग उतारावर लावायचा आणि वाट बघायची. पोटातला ई. कोलाय अनुकूल माध्यमात २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. म्हणून कॉलनी, म्हणजे जंतूंचा पुंजका, डोळ्यांना दिसायला आठवडे जातात. खरखरीत, फिकट पिवळट, फुलकोबीच्या तुकड्यांसारखी दिसते ती.

औषध लागू पडतं की नाही हे बघायची जुनी रीत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या जॉर्ज कनेटी यांनी बसवून दिलेली. एकाच पेशंटचे जंतू काही साध्या बाटल्यांत लावायचे आणि काही औषध घातलेल्या बाटल्यांत. साध्या बाटलीत १०० कॉलनी वाढल्या आणि औषधाच्या बाटलीत १ किंवा जास्त वाढल्या, तर तो पेशंट त्या औषधाला 'रेझिस्टंट'. निकालाची रेघ १ टक्क्यावर ओढलेली आहे, शून्यावर नाही. ती शून्यावर का नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच बाटल्यांनी दाखवलं. नवीन पेशंट, औषधाचा एक कणही पोटात गेलेला नाही, तरी जंतू भरपूर लावले की आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाच्या बाटलीत एखाद-दुसरी कॉलनी उगवलेली दिसायची. त्या जंतूची आणि औषधाची गाठ आयुष्यात पहिल्यांदा त्या बाटलीतच पडली होती. सवय व्हायला वेळ मिळालाच कुठे?

हीच गोष्ट १९५२ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या जोडप्याने इतक्या सुंदर पद्धतीने सिद्ध केली की ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्यांनी मखमलीचं कापड घेतलं. जंतू वाढलेली बशी त्या मखमलीवर अलगद दाबली. मखमलीच्या लवेवर प्रत्येक ठिकाणचे थोडे थोडे जंतू चिकटले, जागा न बदलता. मग त्याच मखमलीवर औषध घातलेल्या नव्या बश्या दाबल्या. त्यांच्यावर ज्या मोजक्या जागी जंतू वाढले, त्या जागा सगळ्या बश्यांवर एकच निघाल्या. औषधाने जंतूला बदलवलं असतं, तर प्रत्येक बशीवर वेगळ्या जागी वाढ दिसली असती. जागा एकच, याचा अर्थ मूळ बशीवर त्या जागी तो जंतू आधीपासून होता. त्याहून पुढची पायरी अशी: ते मूळ बशीच्या त्या जागेकडे परत गेले, तिथले जंतू उचलून वाढवले, पुन्हा मखमल, पुन्हा जागा शोधणं. असं करत करत त्यांनी स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणाऱ्या जंतूंची शुद्ध वाढ मिळवली, आणि त्या वंशातल्या एकाही जंतूला स्ट्रेप्टोमायसिनचा स्पर्श झाला नव्हता. जोशुआंना १९५८ चं नोबेल मिळालं. एस्थर यांचं नाव त्यात नव्हतं, याचं मला, प्रयोगशाळेत उभं आयुष्य काढलेल्या बाईला, अजून वाईट वाटतं.

जंतू दुभंगताना आपली जनुकीय लिपी नकलतो. क्षयाच्या जंतूची लिपी सुमारे ४४ लाख अक्षरांची आहे. नक्कल करताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. कुठलं चुकावं यात कसलाही हेतू नसतो. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक. पण एखादी अशी असते की रिफाम्पिसिन हे टीबीचं दुसरं मुख्य औषध ज्या जागी जाऊन चिकटतं तिचा आकारच थोडा बदलतो आणि औषध तिथे बसत नाही. औषध नसेल तेव्हा या जंतूला काही फायदा नाही, उलट तो थोडा मागेच पडतो. औषध आलं की बाकीचे मरतात आणि त्याला सगळं रान मोकळं मिळतं. डार्विनने सांगितलेली नैसर्गिक निवड ती हीच. फरक इतकाच की इथे पिढी एका दिवसाची आहे आणि निवड करणारी गोळी आपण आपल्या हाताने देतो.

आता हिशेब मांडू. फुप्फुसात पोकळी पडलेल्या पेशंटच्या एका पोकळीत १० कोटी जंतू सहज असतात. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण १० लाखांत १ निघतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा १० कोटींत १. म्हणजे पहिली गोळी घेण्याआधीच त्या पोकळीत आयसोनियाझिडला पुरून उरणारे शंभरेक जंतू आणि रिफाम्पिसिनला पुरून उरणारा एखादा हजर आहे. पण दोन्हींना एकदम पुरून उरणारा? त्यासाठी दोन्ही चुका एकाच जंतूत व्हायला हव्यात, आणि त्याची शक्यता १ वर १४ शून्यं, इतक्यांत एक. तेवढे जंतू माणसाच्या अंगात मावतच नाहीत. म्हणून दोन औषधं एकदम दिली की एकाच्या तावडीतून सुटलेला दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. पहिले दोन महिने चार औषधं देण्यामागे इतर कारणंही आहेत. झोपाळलेले, हळू वाढणारे जंतू मारायला पायराझिनामाइड लागतं, आणि कोर्स सहा महिने लांबतो तो मुख्यतः त्या झोपाळलेल्यांसाठी. पण मुळाशी हाच गुणाकार आहे.

जगाला हा गुणाकार फार महागात शिकावा लागला. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत रटगर्स इथे अल्बर्ट शॅट्झ यांना मातीतल्या जंतूपासून मिळालं. ब्रिटनमध्ये त्याची रीतसर चाचणी झाली आणि १९४८ मध्ये निकाल छापून आले. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ गेले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. लोकांना वाटलं, क्षय संपला. पण औषध घेणाऱ्या बहुतेकांच्या बेडक्यात काही आठवड्यांतच असे जंतू दिसायला लागले ज्यांना स्ट्रेप्टोमायसिन लागू पडत नव्हतं. पाच वर्षांनी मोजलं तेव्हा औषधवाल्यांपैकी ३२ आणि बिनऔषधवाल्यांपैकी ३५ गेलेले होते. सुरुवातीला एवढा मोठा दिसलेला फरक जवळजवळ पुसला गेला. एकट्या औषधाने निवड केली आणि निवडलेल्यांनी पेशंटला मारलं. मग स्ट्रेप्टोमायसिनला 'पास' (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल) या औषधाची जोड मिळाली, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं, एडिंबरात जॉन क्रॉफ्टन यांनी तिन्ही एकत्र वापरून दाखवली आणि पेशंट खरोखर बरे होऊ लागले. आपल्याकडे मद्रासच्या क्षयरोग केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिलं की सॅनेटोरियमच्या खाटेवर पडून घेतलेलं औषध आणि चाळीतल्या खोलीत राहून घेतलेलं औषध सारखाच गुण देतं. सॅनेटोरियमची भीती त्या एका अभ्यासाने कमी केली.

इतकं ठाऊक असूनही मुंबईच्या झोपडपट्टी भागात खासगी डॉक्टरांची जी पाहणी १९९१ मध्ये छापून आली, तिच्यात १०० डॉक्टरांनी टीबीवर ८० तऱ्हांची औषधयोजना लिहून दिली होती. त्या चिठ्ठ्यांचं पुढे काय होत असेल ते मी बाटल्यांत पाहिलं आहे. एक रिक्षावाला होता. पहिल्या नमुन्यात आयसोनियाझिडची बाटली भरलेली, बाकी स्वच्छ. निकाल हाती येईपर्यंत तो कुठल्यातरी खासगी दवाखान्यात गेला. खोकला थांबत नव्हता म्हणून तिथे चालू औषधांत एक वाढवलं, महिन्याभराने आणखी एक. पुढच्या नमुन्यात रिफाम्पिसिनची बाटली भरली. त्याच्या पुढच्यात इथॅम्बुटॉलचीही. औषध वाढवणाऱ्याला वाटतं आपण जोर लावतोय. पण चालू औषधांतलं एखादंच खरं काम करत असेल आणि ते हरत असताना त्यात एकच नवीन घातलं, तर पोटात औषधं चार असली तरी जंतूसमोर एकच उभं असतं. १९४८ ची चाचणी त्या माणसाच्या छातीत पुन्हा पुन्हा होत राहिली. तो गोळ्या कधीही चुकवत नव्हता. बायको डबी भरून द्यायची.

आमच्या भागातल्या आशाताईंना हे सगळं पटकन समजतं ते बोंडअळीमुळे. माझा भाऊ वर्धा जिल्ह्यात कापूस करतो. बीटी कापूस २००२ साली आला, तेव्हा पऱ्हाटी अळीविना उभी राहिलेली आम्ही डोळ्यांनी बघितली. २०१७ मध्ये विदर्भात शेंदरी बोंडअळीने बोंडं आतून पोखरून काढली. बाहेरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत किडलेली सरकी. अळीही बीटीला सरावली नव्हती. त्या विषाला दाद न देणाऱ्या थोड्या अळ्या आधीपासून होत्या, बाकीच्या मेल्या, आणि वावरच्या वावर त्यांच्याच लेकरांनी भरलं. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं, बिगर बीटी बियाणं द्यायचे. ते वावराच्या कडेने लावायचं, म्हणजे साध्या अळ्याही जगतील, त्यांचे पतंग दाद न देणाऱ्या पतंगांशी जुळतील आणि पुढची पिढी पुन्हा बीटीने मरेल. बऱ्याच ठिकाणी ते बियाणं लावलंच गेलं नाही. भावानेही लावलं नव्हतं. एवढी जमीन अळीसाठी सोडायची, हे कोरडवाहू शेतकऱ्याला कसं परवडावं?

एकदा एका आशाताईंनी विचारलं, "मग टीबीतही थोडे साधे जंतू जिवंत ठेवायचे का, कडेच्या ओळींसारखे?" इतका चांगला प्रश्न मला डॉक्टरांनीही विचारलेला आठवत नाही. उत्तर 'नाही' असं आहे, आणि त्याचं कारण पाहण्यासारखं आहे. पतंग नर-मादी एकत्र येतात, दोघांची जनुकं मिसळतात, म्हणून साध्याची भेसळ करता येते. क्षयाचा जंतू एकटाच दुभंगत जातो. इतर कितीतरी जंतू औषधाला निष्प्रभ करणारी जनुकं एकमेकांना देतात, अगदी एका जातीचा दुसऱ्या जातीला. ई. कोलाय आणि हगवणीचा शिगेला यांच्यात अशी देवाणघेवाण होते हे जपानमध्ये १९५९ मध्येच दिसलं होतं. क्षयाचा जंतू तेही करत नाही. त्याच्याकडे जे येतं ते आईकडून किंवा स्वतःच्या चुकीतून. म्हणून इथे भेसळीची आशा नाही, आणि म्हणूनच गुणाकार इतका चोख चालतो.

आयसोनियाझिडची गोष्ट तर मला या सगळ्यात सर्वांत अद्भुत वाटते. हे औषध स्वतः विष नाही. जंतूच्या अंगात कॅटजी नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, ते आयसोनियाझिडचं विषात रूपांतर करतं. जंतू स्वतःच्या हाताने स्वतःचं मरण तयार करतो. मग सुटायचं कसं? कॅटजी टाकून द्यायचं. काही जंतूंत ते बिघडलेलं असतं आणि ते औषधातून सुटतात. पण कॅटजीचं खरं काम वेगळं आहे. आपल्या शरीरातल्या पेशी जंतूवर हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्यांचा मारा करतात, तो कॅटजी निष्प्रभ करतं. कल्चरवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला की निरोगी जंतूवर बुडबुडे फसफसतात. आयसोनियाझिडला न जुमानणाऱ्या काही कल्चरवर मी थेंब टाकला आहे आणि काहीच झालेलं नाही, थेंब नुसता पडून राहिला. असे जंतू औषधातून वाचतात पण शरीराच्या माऱ्यापुढे उघडे पडतात. गिनीपिगमध्ये ते कमी घातक ठरतात हे १९५० च्या दशकातच कळलं होतं.

पण रुग्णांत सर्वांत जास्त सापडतो तो वेगळाच बदल. कॅटजीच्या ३१५ व्या जागी सेरीनऐवजी थ्रेओनीन. एका अमिनो आम्लाचा फरक. त्याने विष तयार होणं जवळपास थांबतं, पण पेरॉक्साइड फोडण्याचं काम बरंचसं चालू राहतं. हा कुणी शोधून काढलेला तोडगा नाही. असंख्य पेशंटांच्या छातीत असंख्य चुका झाल्या, त्यातली जी औषधालाही पुरली आणि शरीरालाही पुरली ती मागे राहिली आणि खोकल्यातून पुढे गेली. रिफाम्पिसिनचंही तसंच. बदललेला जंतू सुरुवातीला हळू वाढतो, पण पुढच्या पिढ्यांत शेजारच्या जनुकात आणखी एखादा बदल होऊन ती लंगड भरून निघते. "रेझिस्टंट जंतू दुबळा असतो, पसरणार नाही" अशी आशा एके काळी जाणते लोकही बाळगून होते. २००५-०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या तुगेला फेरी गावात जवळपास कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे ५३ पेशंट सापडले, त्यातले ५२ गेले. त्या जंतूची लिपी पुढे वाचली तेव्हा अंदाज निघाला की त्याच्या वंशात आयसोनियाझिडवाला बदल १९५७ च्या आसपास झाला असावा. म्हणजे औषध बाजारात आल्यावर पाचेक वर्षांत. तेव्हापासून तो वंश एकेका नव्या औषधाची भर घालत माणसामाणसातून चालत आला होता.

म्हणून "गोळ्या नीट घेतल्या नसतील" हे वाक्य मला ऐकवत नाही. २०१४ ते २०१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आधी उपचार घेतलेल्यांपैकी ११ टक्क्यांहून जास्त जणांना एमडीआर होता. पण पहिल्यांदाच टीबी झालेल्यांतही तो सुमारे २.८ टक्के होता. नवीन पेशंटची संख्या मोठी, त्यामुळे ही माणसं पुष्कळ होतात. त्यांनी कुठलीच गोळी चुकवलेली नाही. निवड दुसऱ्याच कुणाच्या छातीत झाली आणि यांच्या वाट्याला श्वासातून निवडून तयार झालेला जंतू आला. वसतिगृहातून आलेली अशी एक मुलगी, कॉलेजचं पहिलं वर्ष, निकालाचा कागद हातात धरून "पण मी तर कधी आजारीच पडले नाही" म्हणत राहिली. तिच्या आईला लोक विचारत होते, पोरीनं औषध टाळलं का म्हणून.

आता निकालाला आठवडे लागत नाहीत. सीबीनॅट यंत्र दोन तासांत सांगतं, आणि गोव्याच्या कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, तालुक्याला नेता येतं. दोन्ही यंत्रं रिफाम्पिसिनच्या जनुकातला ठराविक छोटा तुकडा, साधारण ८१ अक्षरांचा, वाचून बदल शोधतात. बहुतेक बदल त्यातच असतात. पण निवड इथेही थांबत नाही. आफ्रिकेतल्या एस्वातिनी देशात एमडीआरच्या सुमारे ३० टक्के जंतूंत बदल त्या तुकड्याच्या बाहेर निघाला. यंत्र म्हणतं 'रिफाम्पिसिन चालेल', पेशंटला तेच औषध मिळतं, आणि यंत्राला न दिसणारा जंतूच पसरत राहतो.

सध्या माझा जीव अडकला आहे तो बेडाक्विलिनमध्ये. अमेरिकेत २०१२ च्या अखेरीस मान्य झालेलं हे औषध आलं आणि एमडीआरच्या पेशंटांची इंजेक्शनं सुटली. त्या इंजेक्शनांनी कित्येकांचे कान गेले. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन यांचे गेले, दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचे गेले, आणि या दोघींनीच आक्षेप घेऊन लढा दिला म्हणून २०२३ मध्ये भारतात बेडाक्विलिनवरची कंपनीची मक्तेदारी आणखी वाढली नाही. आता सहा महिन्यांत संपणारा नवा कोर्स त्याच औषधाभोवती बांधला आहे. आणि बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतू निवडले जायला लागलेले आहेत. यातला एक मोठा गट असा की जंतूच्या अंगातला औषध बाहेर फेकणारा पंप जास्त चालतो, कारण त्या पंपाला आवर घालणारं जनुक बिघडलेलं असतं. एखादं जनुक बिघडवायला शेकडो वेगवेगळ्या चुका पुरतात. रिफाम्पिसिनसारखी ८१ अक्षरं वाचून त्या पकडता येत नाहीत. सध्या त्या खात्रीने पकडायच्या तर जंतू औषधात वाढवूनच बघावा लागतो, आणि ती सोय प्रत्येक जिल्ह्यात नाही. माझ्या जुन्या सहकारी मुली आता द्रव माध्यमात हेच काम करतात, यंत्राच्या नळ्यांत. नमुने वाढले आहेत आणि माणसं तेवढीच आहेत. तुमच्या ओळखीत कुणाला एमडीआरचा नवा कोर्स सुरू होत असेल तर बेडाक्विलिनची कल्चर चाचणी पाठवली आहे का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा, आणि कोर्स सुरू असताना दर महिन्याचा बेडका चुकवू देऊ नका.